माप बदललं, तर यादीही बदलली पाहिजे

वान अ बिग हा दक्षिण वेल्समधला ७१७ मीटर उंचीचा डोंगर. ज्या रांगेला जग ब्रेकन बीकन्स म्हणून ओळखतं आणि जिथलं राष्ट्रीय उद्यान एप्रिल २०२३ पासून स्वतःचं नाव बन्नाय ब्रखैन्योग असंच लावतं, त्या रांगेच्या मुख्य धारेवर तो उभा आहे. माथ्याशी कड्याबाहेर आलेली कातळाची एक फळी आहे. तिच्यावर पाय सोडून बसायचं आणि फोटो काढून घ्यायचा, हे इथे येणाऱ्यांचं ठरलेलं काम. २०१८ मध्ये या डोंगराची नव्याने मोजणी झाली आणि २००० फुटांवरच्या डोंगरांच्या 'ह्यूइट' नावाच्या यादीतलं त्याचं स्थान गेलं. उंचीत काही खोट निघाली नव्हती. ठरावीक खिंडीपासून माथा निदान ३० मीटर वर असायला हवा होता, तो २८.४ मीटर भरला.

दीड मीटरभर कमी पडला म्हणून एवढा देखणा डोंगर वगळायचा का, असं कोणालाही वाटेल. माझं म्हणणं असं की वगळायलाच हवा होता, आणि तो वगळला गेला यातच त्या यादीची अब्रू आहे. जमिनीवर घेतलेल्या मापापुढे जी यादी झुकते तीच मानायच्या लायकीची. आणि ज्या मापाने ती बदलते त्याचा पूर्ण हिशेब कोणालाही तपासता आला पाहिजे. हीच अपेक्षा मी सरकारी नकाशावरच्या आकड्यांकडूनही ठेवतो, आणि आज ती तिथे पुरी होत नाही.

डोंगरांच्या याद्या हा ब्रिटनमधला जुना छंद आहे. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये स्कॉटलंडमधल्या ३००० फुटांवरच्या शिखरांची यादी छापली, तेव्हापासून ती पुरी करणं हे हजारो लोकांचं आयुष्यभराचं काम होऊन बसलं. पण एखादा माथा स्वतंत्र डोंगर धरायचा की शेजाऱ्याचा उपमाथा, याला मन्रोंकडे आकड्यातला निकष नव्हता. जाणकाराची नजर हाच निकष. पुढच्या पिढीने ही नजर बाजूला ठेवली आणि 'ड्रॉप' आणला, म्हणजे ठरावीक खिंडीपासून माथा किती वर आहे ते माप. अॅलन डॉसन यांनी १९९२ मध्ये मॅरिलिन डोंगरांची यादी काढली. तिच्यात उंचीला महत्त्वच नव्हतं, ड्रॉप १५० मीटर असला की झालं. ह्यूइटसाठी उंची २००० फूट, म्हणजे ६०९.६ मीटर, आणि ड्रॉप ३० मीटर लागतो. जॉन आणि अॅन नटॉल या दांपत्याच्या यादीला २००० फुटांबरोबर १५ मीटरचा ड्रॉप पुरतो, म्हणून वान अ बिग तिथे अजून आहे. खास वेल्सपुरती पेद्वाराय ही यादी आहे. ती ४०० मीटरच्या वरच्या, पण ५०० च्या आतल्या टेकड्यांची. ड्रॉप तिथेही ३० मीटरच.

ड्रॉप काढणं ऐकायला सोपं आहे. माथ्यावरून निघायचं आणि त्याहून उंच जमिनीवर पोचायचं, पण वाट अशी निवडायची की कमीत कमी उतरावं लागेल. त्या वाटेवरची सगळ्यात खालची जागा म्हणजे ती खिंड. माथ्याच्या उंचीतून खिंडीची उंची वजा केली की ड्रॉप मिळतो. वान अ बिगची मेख इथेच आहे. पश्चिमेला ७९५ मीटरचा क्रिबिन आहे आणि दोघांच्या मधली खिंड ५९९ मीटरवर, वान अ बिगच्या माथ्याच्या चांगली ११८ मीटर खाली. तिथून चढून येणाऱ्याचा घाम निघतो आणि आपण स्वतंत्र डोंगर चढलो याबद्दल त्याला शंका राहत नाही. पण आग्नेयेकडे वाउन रिद या डोंगराच्या बाजूला जाणारी पठाराची धार जेमतेम खाली उतरते आणि पुन्हा वर चढते. निर्णायक खिंड तीच. छायाचित्रातला डोंगर पश्चिमेचा असतो, यादीतला डोंगर आग्नेयेच्या त्या पसरट बेचक्यावर ठरतो.

अशी पसरट खिंड मोजणं हे माथा मोजण्यापेक्षा कठीण. मोजणीदार मंडळींचा अर्धा वेळ तिथेच जातो, आणि लोकांना त्याची कल्पनाच नसते. खिंडीचा आकार खोगिरासारखा: एका डोंगराकडून दुसऱ्याकडे जाताना ती सर्वात खालची जागा, पण एका दरीतून दुसऱ्या दरीत जाताना तीच सर्वात वरची. दोन्ही अटी एकाच बिंदूवर जुळायला हव्यात. वेल्समध्ये असा बिंदू बहुधा दलदलीत असतो. पीटची काळी, भिजलेली जमीन, गुडघाभर गवताचे गठ्ठे, त्यांच्या मधून वाट काढणारं पाणी. तिपाईवर लेव्हल, म्हणजे आडवी पातळी पाहायची दुर्बीण, लावायची, एकाने स्टाफ, म्हणजे आकडे आखलेली उभी पट्टी, धरून दहा-दहा पावलांवर उभं राहायचं, दुसऱ्याने वाचन घ्यायचं आणि वहीत लिहायचं. मग आडव्या दिशेने तेच पुन्हा. गवताच्या गठ्ठ्यावर स्टाफ टेकला तर वाचन चुकतं, पीटमध्ये रुतला तरी चुकतं. मधूनच मेंढपाळाची दगडी भिंत गेलेली असते, किंवा कोणी पूर्वी चर खणून पाणी काढून दिलेलं असतं, आणि मूळ जमीन कुठे होती याचा विचार करावा लागतो. बिंदू सापडल्यावर तिथे उपग्रहाचे संकेत घेणारा रिसीव्हर लावायचा आणि तो डेटा गोळा करत असताना वाऱ्यात थांबून राहायचं.

माथ्यावरही तीच शिस्त. लोकांनी रचलेला दगडांचा ढीग धरायचा नाही, जुन्या मोजणीसाठी उभारलेल्या खांबाचा माथा धरायचा नाही. जागेवरचा नैसर्गिक खडक किंवा जमीन धरायची. उत्तर वेल्समधल्या ग्लिडर वाउरसारख्या ठिकाणी माथा म्हणजे फुटक्या, उभ्या-आडव्या कातळांचा पसारा आहे. दोन-तीन सुळक्यांपैकी उंच कोणता हे डोळ्यांना ठरवता येत नाही, लेव्हलने ठरवावं लागतं. घरी आल्यावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या कायम चालू असलेल्या केंद्रांचा त्याच वेळचा डेटा उतरवून घ्यायचा, त्याच्याशी आपला ताडून पाहायचा आणि उंची काढायची. ही उंची मोजली जाते कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरात १९१५ ते १९२१ या काळात ठरवलेल्या सरासरी समुद्रपातळीपासून. नीट केलेल्या कामात चूक काही सेंटीमीटरच्या आत राहते.

हे काम वेल्समध्ये ज्यांनी नावारूपाला आणलं ते सरकारी नोकर नव्हते. मर्दिन फिलिप्स, जॉन बर्नार्ड आणि ग्रॅहम जॅक्सन या तिघांनी २००८ च्या ऑगस्टमध्ये वायव्य वेल्समधल्या नान्त्ले धारेच्या टोकाचा मनिद ग्रैग गोख मोजला. नकाशावर तो ६०९ मीटर होता, म्हणजे २००० फुटांना थोडा कमी. मोजणीत ६०९.७५ मीटर निघाला: २००० फूट आणि वर सहा इंच. ऑर्डनन्स सर्व्हेने त्यांचा डेटा तपासला आणि मान्य केला. दोन वर्षांनी याच मंडळींनी ग्लिडर वाउर मोजला. पिढ्यानुपिढ्या तो ९९९ मीटर म्हणून पाठ झालेला. निघाला १०००.८. वेल्समध्ये हजार मीटरवरची शिखरं चार मानली जात होती. अर विद्वा, म्हणजे स्नोडन, त्याच्या शेजारचा गार्नेद उगेन, आणि कार्नेद लेवेलिन व कार्नेद डाविद. त्यांत पाचव्याची भर पडली. त्याच वर्षी त्रवानही मोजला गेला. तो ९१५ मीटर नोंदला होता आणि ३००० फूट म्हणजे ९१४.४ मीटर, त्यामुळे तो रेषेच्या खाली निघेल अशी धास्ती होती. निघाला ९१७.५.

नकाशावरचे जुने आकडे चुकले, यात कोणाचा दोष नव्हता. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून काढलेल्या उंचीत दोन-तीन मीटरचा फरक राहणं हे त्या पद्धतीतच होतं. रस्ता बांधणाऱ्याला किंवा वाट चुकलेल्याला तेवढी अचूकता पुरते. प्रश्न उरतो तो त्या आकड्याच्या अधिकाराचा. नकाशावर ६०९ छापलेलं असतं. ते कधी मोजलं, कशाने मोजलं, त्यात किती चूक संभवते, यातलं काहीच तिथे लिहिलेलं नसतं. शेजारच्या शिखराचा आकडा परवाच्या अचूक मोजणीतला असेल आणि याचा पन्नास वर्षांपूर्वीच्या छायाचित्रावरचा, पण दोन्ही एकाच ठशात, एकाच शाईत. वाचणाऱ्याने दोघांवर सारखाच विश्वास ठेवायचा. याउलट हौशी मोजणीदार आपल्या अहवालात उपकरण कोणतं, किती वेळ ठेवलं, खिंड कशी शोधली, चूक किती धरली, सगळं लिहितात. नोकरी म्हणून आकडे छापणाऱ्यांपेक्षा छंद म्हणून मोजणारे जास्त हिशेब देतात, ही उलटी स्थिती मला सार्वजनिक प्रश्न वाटते.

याविरुद्धचा सगळ्यात सरळ आक्षेप असा की २००० फूट ही रेषाच मनमानी आहे. फूट हे माप शरीरावरून आलं, दोन हजार हा आकडा गोल म्हणून आवडला, डोंगराला त्याचा पत्ता नाही. शिवाय कायदा वेगळंच म्हणतो: इंग्लंड आणि वेल्समध्ये मोकळ्या माळरानावर पायी फिरण्याचा हक्क देणाऱ्या २००० सालच्या कायद्यात ६०० मीटरच्या वरची जमीन म्हणजे डोंगर. तेव्हा सहा इंचांसाठी एवढा खटाटोप कशाला? रेषा मनमानी आहे, हे मला पूर्ण मान्य. पण एकदा आखल्यावर ती सगळ्यांना सारखी लावायची की आवडत्या डोंगराला वाकवून द्यायची, हा निर्णय मनमानी नसतो. निवडणुकीत मतदानाचं वय अठराच का, साडेसतरा का नाही, याला निसर्गात उत्तर नाही; तरी जन्मतारीख तपासणं कोणी सोडत नाही. मनिद ग्रैग गोख वर गेला तेव्हा आनंद झाला असेल, तर वान अ बिग खाली आला तेव्हा तोच नियम मानावा लागतो. स्कॉटलंडमध्ये २०१२ मध्ये एका शिखराची उंची ९१३.९६ मीटर निघाली आणि ते मन्रो यादीतून गेलं. अर्धा मीटरही कमी नव्हतं. ते काढण्याची हिंमत दाखवली म्हणून उरलेल्या यादीवर माझा विश्वास आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो आणि त्याने मला बराच विचार करायला लावलं. इंग्लंडमध्ये कंब्रियात काफ टॉप नावाचा डोंगर आहे. तो मोजला तेव्हा ६०९.५८ मीटर भरला, रेषेच्या दोन सेंटीमीटर खाली. २०१६ मध्ये ऑर्डनन्स सर्व्हेने उपग्रहाच्या उंचीवरून समुद्रसपाटीपासूनची उंची काढण्याचं आपलं गणिती प्रारूप सुधारलं. उपग्रह देतात ती उंची पृथ्वीच्या एका गुळगुळीत कल्पित आकारापासूनची असते. ती आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत ब्रिटनमध्ये पन्नास मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि तो जागोजागी बदलतो. हा फरक नव्याने ठरवल्यावर काफ टॉप ६०९.६०६ मीटर झाला. सहा मिलिमीटरने रेषेच्या वर. कोणी डोंगरावर गेलं नाही, दगड हलला नाही, आणि यादी बदलली.

मग मोजणी म्हणजे तरी काय, असं इथे कोणी विचारेल. सहा मिलिमीटर हे मोजणीच्या चुकीपेक्षा कितीतरी लहान आहे. उद्या प्रारूप पुन्हा सुधारलं तर डोंगर पुन्हा खाली येऊ शकतो. मला वाटतं, अशा वेळी 'आहे' किंवा 'नाही' एवढी दोनच उत्तरं ठेवणं हाच घोटाळा. जिथे मोजणीची चूक रेषेला ओलांडून दोन्हीकडे पसरते, तिथे यादीने तसं उघड लिहावं. याची सवय काही याद्यांना आहेच. निकषाला थोडक्यात मुकलेल्या डोंगरांसाठी त्यांनी 'सब' असा वर्ग ठेवला आहे. ३० मीटरऐवजी २० ते ३० च्या मध्ये ड्रॉप असलेले तिथे बसतात, वान अ बिगसारखे. त्यात 'मोजणीने ठरत नाही' असा आणखी एक वर्ग घालायला हरकत नसावी. काफ टॉपचा आकडा आज ६०९.६०६ आहे हे मी मान्य करतो, पण तो डोंगर रेषेवर आहे असं म्हणणं मला वर आहे म्हणण्यापेक्षा खरं वाटतं.

तिसरा आक्षेप पायांचा. यादीमुळे गर्दी होते, वाटा झिजतात, पीट उघडी पडते. अर विद्वावर दर वर्षी लाखो माणसं जातात आणि तिथल्या वाटांची डागडुजी कधी संपत नाही. पण ती गर्दी सर्वात उंच शिखराची आहे. ४०० मीटरच्या टेकड्यांच्या यादीने ती केलेली नाही. छोट्या डोंगरांची यादी माणसाला अशा जागी नेते जिथे वर्षभरात मोजकी माणसं फिरकतात. ती पसरवते, एका जागी लोटत नाही. इथे काळजी शेतकऱ्याची घ्यायला हवी. या टेकड्या बहुतेक वेळा मेंढ्यांच्या कुरणात असतात आणि तिथे फिरण्याचा कायदेशीर हक्क नसतो. दार वाजवून परवानगी मागणं हा यादीचाच नियम व्हावा असं मला वाटतं.

दार वाजवण्यातून झालेलं एक काम तर मला उंचीइतकंच मोलाचं वाटतं. वेल्समधल्या कित्येक टेकड्यांना सरकारी नकाशावर नाव नाही. नुसता आकडा आहे, किंवा जवळच्या शेतघराचं नाव चुकून वर सरकलेलं आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलू शकणारे १७.८ टक्के निघाले, पण शेतकऱ्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. डोंगराला काय म्हणता, असं विचारलं की म्हातारा शेतकरी नाव सांगतो, शेजारच्या प्रत्येक शेताचंही सांगतो. १८३६ च्या कायद्यानंतर धर्मशुल्काच्या हिशेबासाठी गावोगावचे नकाशे तयार झाले होते. त्यांत शेत न् शेत नावानिशी नोंदलं आहे. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते नकाशे, बाराशेहून अधिक, इंटरनेटवर खुले केले आहेत. शेतकऱ्याने सांगितलेलं नाव तिथे सापडलं की यादीत योग्य नाव लागतं. तो शेतकरी गेला की नाव सांगणारं दुसरं कोणी उरत नाही, म्हणून मला हे काम उंचीपेक्षा घाईचं वाटतं. उंची पुढच्या शतकातही मोजता येईल.

नकाशा नाव बदलू शकतो हेही दिसलेलं आहे. कार्नेदाय रांगेतल्या ९२६ मीटरच्या गार्नेद इखावला २००९ पासून ऑर्डनन्स सर्व्हे कार्नेद ग्वेन्लियन म्हणू लागलं. शेवटच्या स्वतंत्र वेल्श राजपुत्राची ही मुलगी. तान्ही असतानाच इंग्रजांनी तिला लिंकनशायरमधल्या मठात नेऊन ठेवलं आणि १३३७ मध्ये ती तिथेच वारली. लोकांनी मागणी केली, नकाशाने ऐकलं. आपल्याला याची दुसरी बाजू माहीत आहे. भारताच्या मोजणीचं काम पाहिलेले जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या घराण्याची ग्वेर्नवेल ही वास्तू वेल्समध्येच, क्रिकहॉवेलजवळ. जगातल्या सर्वोच्च शिखराला त्यांचं नाव द्यायचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी स्वतःच हरकत घेतली होती, कारण स्थानिक लोकांना ते उच्चारता येणार नाही. १८६५ मध्ये ते नाव तरीही कायम झालं. तिथल्या लोकांना काय म्हणता, असं विचारून ते नाव ठरलं नव्हतं.

भारतात १५ फेब्रुवारी २०२१ पर्यंत नकाशा आणि भूमाहितीचं काम करायला खासगी माणसाला परवानग्यांचा डोंगर ओलांडावा लागत होता. त्या दिवशी केंद्र सरकारने नवे नियम आणून तो अडसर बराच दूर केला. सह्याद्रीत कळसूबाईची १६४६ मीटर उंची सगळ्यांना पाठ आहे, पण त्याखालच्या शिखरांच्या क्रमावर ट्रेकर मंडळींचे वाद वर्षानुवर्षं चालतात, आणि ते वाद एका पुस्तकातला आकडा विरुद्ध दुसऱ्या पुस्तकातला आकडा असेच असतात. वेल्सच्या त्या तिघांचा धडा इथे थेट उपयोगी पडेल: आधी उपकरण घेऊन वर जा, मग वाद घाला, आणि डेटा दुसऱ्याच्या हातात द्या.

वेल्ससाठी मात्र माझी मागणी ठरलेली आहे. वेल्स सरकारने २०२० ते २०२३ या काळात विमानातून लेझरने देशाची मोजणी करून घेतली आणि तो डेटा फुकट उपलब्ध केला. त्यामुळे कोणता डोंगर रेषेच्या जवळ आहे हे आता घरबसल्या कळतं. पण लेझरला मीटरभराच्या चौकटीत टोकदार सुळक्याचा नेमका माथा चुकतो, आणि दाट गवताखालची खिंडीतली जमीन त्याला फसवते. वादाचे डोंगर पायी जाऊनच सोडवावे लागतील, आणि ते काम हौशी लोक करतच आहेत. ऑर्डनन्स सर्व्हेने या मोजण्यांसाठी कायमची नोंदवही उघडावी. प्रत्येक माथ्याच्या आणि खिंडीच्या उंचीपुढे मोजणीची तारीख, पद्धत, संभाव्य चूक आणि मूळ डेटाची फाइल ठेवावी. बाहेरून आलेली मोजणी किती दिवसांत तपासली जाईल हे जाहीर करावं, नाकारली तर कारण लिहावं. आणि नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत, पायी जाऊन मोजलेला आकडा आणि छायाचित्रावरून काढलेला आकडा वेगवेगळ्या ठशात छापावा.